आजोबांचं नाव आणि याकोबाची टाच

पत्राचा गोषवारा : पत्र पुण्यातल्या ३१ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं आहे. सासर मूळचं अहिल्यानगर जिल्ह्यातलं, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. दोन महिन्यांपूर्वी त्यांना मुलगा झाला, पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा आहे. बाळाला आपल्या वडिलांचं, म्हणजे ‘याकोब’ हे नाव द्यावं अशी सासऱ्यांची इच्छा आहे. घरातल्या जुन्या पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, पहिल्या कोऱ्या पानावर वंशावळ लिहिलेली आहे आणि तिची सुरुवातच या याकोबांपासून होते. बाईंनी मोबाइलवर अर्थ शोधला, तर निघालं ‘ठकवणारा, दुसऱ्याची जागा बळकावणारा’. त्यांना ‘नोहा’ हवं आहे, कारण त्याचा अर्थ शांती. आदामापासून नोहापर्यंतच्या दहा नावांचे अर्थ ओळीनं वाचले की तारणाचा संदेश तयार होतो, असा मजकूर मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला होता. तेव्हापासून नावात काहीतरी भरून ठेवलेलं असतं अशी त्यांची खात्री झाली आहे. नवरा म्हणतो, तुम्ही दोघं काय ते ठरवा. शेवटी ओझरतं लिहिलंय : नवरा धाकटा आहे, गेल्या वर्षी सासऱ्यांनी राहता फ्लॅट त्याच्या नावावर केला आणि तेव्हापासून थोरले दीर जेम्स यांचं येणं-जाणं तुटलं. (नावं त्यांच्या परवानगीनं तशीच ठेवली आहेत.) ‘ताई, जाणूनबुजून पोटच्या पोराला ठक म्हणायचं का?’

सप्रेम सलाम.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात ते नावाच्या अर्थाबद्दल आहे असं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या फ्लॅटच्या ओळीपाशी अडखळले. तिकडे येतेच, पण आधी टाचेकडे जाऊ. निम्मा गुंता तिथला आहे.

उत्पत्ती या शास्त्रातल्या पहिल्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात रिबकेला जुळं होतं. पहिला येतो तो तांबूस आणि अंगभर केसाळ, एसाव. पाठोपाठ दुसरा, आणि त्याच्या मुठीत पहिल्याची टाच. हिब्रूत टाचेला ‘अकेव’ म्हणतात, म्हणून बाळाचं नाव ‘याकोव’, आपल्या शास्त्रातला याकोब. त्या घडीला एवढंच घडलं. पायाकडून जन्मलेल्या मुलाला आपल्याकडे जन्मभर ‘पायाळू’ म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. ठक हा शब्द त्या खोलीत कुणी काढलेला नाही.

तो निघतो दोन अध्याय पुढे. बाप आंधळा झालेला, धाकट्यानं थोरल्याचे कपडे घालून आशीर्वाद लाटलेला, आणि एसाव शिकारीहून परत येऊन ओक्साबोक्शी रडतोय. तेव्हा तो म्हणतो, याचं नाव याकोब ठेवलंय ते काय उगीच? दोनदा दगा दिला यानं मला! आधी ज्येष्ठपणाचा हक्क नेला, आता आशीर्वाद. हिब्रूत टाच आणि दगा हे शब्द एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे संतापलेल्या माणसाच्या तोंडी हा श्लेष आपसूक आला. पुढे यिर्मया संदेष्ट्यानंही आपल्या नवव्या अध्यायात याच श्लेषाचा वापर केला आहे, तेव्हा तो अर्थ मुळात नाहीच असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या मोबाइलनं तुम्हाला दिलेला अर्थ कुणाचा आहे ते बघा. हक्क गेलेल्या थोरल्या भावानं रागाच्या भरात काढलेला तो अर्थ आहे. रागावलेल्या भावाला कुणी शब्दकोश लिहायला बसवत नाही.

आता याच नावाचा याहून जुना अर्थ. मेसोपोटेमियात ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या सुरुवातीच्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत, कीलाकार लिपीतल्या. त्यांत अमोरी लोकांची नावं येतात आणि त्यांत ‘याहकूब-इल’ असं एक नाव आहे. ‘इल’ म्हणजे देव, इश्माएल आणि इस्राएलच्या शेवटी आहे तोच. इजिप्तमध्ये परक्या हिक्सॉस राजांची सत्ता असतानाच्या, भुंग्याच्या आकाराच्या छोट्या मुद्रांवर ‘याकूब-हर’ असं नाव कोरलेलं मिळतं. कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर तिसऱ्या थुतमोसनं जिंकलेल्या गावांची यादी आहे, तिच्यात ‘याकोब-एल’सारखं गावाचं नाव आहे. म्हणजे हे त्या भागातलं चांगलं चालतं-फिरतं नाव होतं. बहुतेक अभ्यासक त्याचा अर्थ लावतात ‘देव राखो’. इथिओपियाच्या जुन्या गीझ भाषेत याच धातूचा अर्थ आजही राखणं, सांभाळणं असाच आहे. पुढे ‘एल’ गळाला आणि नुसतं याकोब उरलं, जसं येशुदासला आपण घरात ‘दास’ म्हणतो.

तेव्हा एकाच नावाचे अर्थ बघा किती झाले. कोणता खरा, असं विचाराल तर माझं उत्तर आहे की प्रश्नच जरा सैल करून घ्या. आपल्याकडे गावांच्या नावांच्या गोष्टी असतात. कोल्हासुराला देवीनं मारलं, मरताना त्यानं वर मागितला, म्हणून कोल्हापूर. ही गोष्ट सांगणाऱ्या आजीला भाषाशास्त्राचा पेपर द्यायचा नसतो. नावाला बिलगलेली आठवण ती पुढे देत असते. उत्पत्तीच्या पुस्तकात नावांची फोड येते ती बहुतेक वेळा अशीच येते, कानाला जुळणाऱ्या आवाजावरून.

लेआ आणि राहेल या याकोबाच्या दोन बायका, सख्ख्या बहिणी; त्यांची चढाओढ चालली आहे त्या अध्यायात (२९ आणि ३०) तर प्रत्येक बाळाच्या नावात त्या बाळंतिणीचं त्या दिवसाचं दुःख नाहीतर टोमणा आहे. रऊबेन या शब्दाचा सरळ अर्थ ‘बघा, मुलगा!’. लेआ मात्र सांगते, परमेश्वरानं माझं दुःख पाहिलं म्हणून हे नाव. योसेफाचं तर मला फार आवडतं. वर्षानुवर्षं वाट पाहून राहेलला मुलगा झाला. ती म्हणते, देवानं माझा कलंक ‘काढून नेला’, हिब्रूत ‘आसफ’. लगेच पुढच्या ओळीत म्हणते, देव आणखी एक मुलगा ‘वाढवून देवो’, हिब्रूत ‘योसेफ’. एकाच तोंडानं, एकाच बाळंतपणात, एकाच नावाचे दोन अर्थ, एक वजाबाकीचा आणि एक बेरजेचा! हे मजकूर लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटलं असेल असं मला नाही वाटत. त्याला ते तसंच हवं होतं.

आता तुमचं लाडकं ‘नोहा’. नाव गोड आहे, माझी काही हरकत नाही. पण ते निवडायचं कारण ‘अर्थ शांती’ एवढंच असेल, तर उत्पत्तीचा पाचवा अध्याय उघडा. लामेख मुलाचं नाव नोहा ठेवतो आणि म्हणतो, परमेश्वरानं शापलेल्या भूमीमुळे आमच्या हातांना जे कष्ट पडतात, त्यांत हा आमचं ‘सांत्वन’ करील. सांत्वनाला हिब्रूत ‘नहम’. त्याच्यावरून खरं नाव निघतं ते नहेम्या. ‘नोहा’ येतं दुसऱ्याच धातूवरून, विसाव्याच्या. म्हणजे बापानं सांगितलेला अर्थ आणि व्याकरणानं निघणारा अर्थ इथेही जुळत नाहीत. याकोबाला जी कसोटी लावलीत ती नोहाला लावलीत, तर तोही काठावरच पास होतो.

त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुराबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तो बऱ्याच मंडळ्यांमधून फिरतो आणि पुष्कळ भाविक माणसं तो मनापासून पुढे पाठवतात. त्यात दहा नावांचे अर्थ असे लावलेले असतात : माणूस, नेमलेला, मर्त्य, दुःख, धन्य देव, उतरून येईल, शिकवीत, त्याचा मृत्यू आणील, हताशांना, विसावा. वाचताना अंगावर काटा येतो. पण एकेक नाव हातात घेतलं की शिवण उसवते. आदाम ठीक, माणूस, आणि ‘अदामा’ म्हणजे माती. शेथ ठीक. अनोश म्हणजेही माणूसच. केनानचं दुःख मात्र कुठून आणलं? शोकगीताला हिब्रूत ‘किना’ म्हणतात, केनान त्यावरून येत नाही, ते नाव काइनाच्या जवळचं आहे. महललेलमध्ये ‘हालेलूया’तला ‘हलेल’ आहे, म्हणजे देवाची स्तुती. धन्य म्हणायला हिब्रूत वेगळाच शब्द आहे. यारेद म्हणजे उतरणं आणि हनोख म्हणजे शिकवणं किंवा अर्पण करणं, हे दोन्ही चालतील. मथुशलहमध्ये ‘त्याचा मृत्यू’ शोधतात, पण तिथला ‘मथु’ म्हणजे माणूस. शलह म्हणजे फेकायचं शस्त्र असेल, किंवा कुणाचं तरी नाव असेल. आणि लामेख? हिब्रूत या नावाला धडसा धातूच सापडत नाही. ‘हताश’ हा अर्थ काढलाय तो इंग्रजीतल्या विलापाच्या शब्दाशी आवाज जुळतो म्हणून. हिब्रू बाळाच्या बारशाला इंग्रजी आत्या कुठून आली?

यापेक्षा मोठी अडचण एक पान मागे आहे. चौथ्या अध्यायात काइनाची वंशावळ आहे, भावाचा खून करणाऱ्याची. तिथली नावं वाचा : हनोख, ईराद, महूयाएल, मथुशाएल, लामेख. आणि पाचव्यातली : हनोख, यारेद, महललेल, मथुशलह, लामेख. जवळजवळ तीच! दोन नावं तर हुबेहूब. काइनाच्या वंशातला लामेख आपल्या दोन बायकांना बोलावून मी एका तरुणाला ठार मारलं म्हणून मिरवतो. नोहाचा बाप लामेख मुलाच्या जन्मानं सुखावतो. नाव तेच, माणसं ही अशी. नावातच सगळं लिहून ठेवलेलं असतं, तर या दोघांचं एकच व्हायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, ताई, मग नाबालाचं काय? १ शमुवेलच्या २५व्या अध्यायात त्याचीच बायको अबीगईल म्हणते की जसं नाव तसा हा माणूस आहे, नाव नाबाल म्हणजे मूर्ख, आणि मूर्खपणाच याच्यात भरलेला. बरोबर आहे, तो अध्याय तुमच्या बाजूनं आहे. रूथच्या पुस्तकात महलोन आणि खिल्योन या दोन मुलांच्या नावांत दुखणं आणि झिजणं ऐकू येतं, आणि दोघं तरुणपणीच जातात. पण कुठली आई पाळण्यात वाकून पोराला ‘मूर्खा’ म्हणेल? एकतर त्या नावाचा घरचा अर्थ काही वेगळाच असणार, किंवा ज्याचा शेवट ठाऊक आहे अशा माणसाची गोष्ट सांगताना सांगणाऱ्यानं त्याला तसं नाव दिलं. आधी गोष्ट, मग नावाचा अर्थ. आपण उलटं वाचतो आणि घाबरतो.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला याबेस आहे. १ इतिहासाचे पहिले नऊ अध्याय म्हणजे नुसती नावंच नावं. रविवारी वाचनाला हे अध्याय आले की वाचणाऱ्याचा घसा कोरडा पडतो. चौथ्या अध्यायात ती यादी मध्येच दोन वचनं थांबते, या एका माणसासाठी. त्याची आई म्हणते, मी याला फार वेदनेनं जन्म दिला, म्हणून याबेस. हिब्रूत वेदनेचा शब्द ‘ओचेव’. याबेसच्या नावात त्याच अक्षरांची अदलाबदल झाली आहे, जणू तिनं वेदना सांगितली आणि बाळाला लागू नये म्हणून अक्षरं थोडी हलवली. (हे माझं आपलं वाचन, कुठल्या टीकाग्रंथातलं नाही.) तो मोठा होतो, देवाकडे मागतो की मला क्लेश होऊ देऊ नकोस, आणि देव ते देतो. भावांमध्ये सर्वांत प्रतिष्ठित तोच ठरतो. नाव वेदनेचं ते वेदनेचंच राहिलं, कुणी बदललं नाही.

मराठी माणसाला हे कळायला हिब्रू लागत नाही. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव दगडू ठेवायचे, धोंडू, केरबा. काळानं बघितलं तरी त्याला वाटावं, हा कसला दगड, हा कसला केर, राहू दे इथंच. माझी आजी धोंडूबाई होती. तिच्या नावात दगड आहे हे मला कॉलेजात गेल्यावर लक्षात आलं, तोवर त्या नावाचा अर्थ लसणीची चटणी आणि मऊ लुगडं असाच होता. धोंडो केशव कर्वे १०४ वर्षं जगले, १९५८ साली भारतरत्न झाले. त्यांचं नाव उच्चारताना धोंडा आठवलाय का तुम्हाला कधी?

आता वंशावळीचं बोलू. सासऱ्यांची बाजूही मला मांडायची आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, पहिल्या अध्यायात येशूची वंशावळ आहे, त्या यादीत याकोब दोनदा येतो. एक तो टाचवाला, इसहाकाचा मुलगा. दुसरा अगदी शेवटी, मरीयेचा पती योसेफ याचा बाप. (लूक तिथे एली हे नाव देतो, तो वेगळा विषय.) यात एक गंमत आहे. अख्ख्या जुन्या करारात दुसरा अब्राहाम नाही, दुसरा मोशे नाही, दुसरा दावीद नाही आणि दुसरा याकोबही नाही. त्या काळी थोर पूर्वजाचं नाव मुलाला ठेवायची पद्धतच दिसत नाही. यहुद्यांना कैद करून बाबेलला नेलं, त्या बंदिवासानंतर ती हळूहळू रुळली. देश गेला, मंदिर गेलं, मग माणसं नावं धरून राहिली. लूकच्या तिसऱ्या अध्यायातल्या वंशावळीत लेवी, शिमोन, यहूदा, योसेफ असे चौघे लागोपाठ येतात, जणू याकोबाची मुलंच पुन्हा जन्माला आली आहेत. आणि त्याच बंदिवासानं जरूब्बाबेल हेही नाव दिलं, ‘बाबेलचं बीज’. ज्यांनी मंदिर पाडलं त्यांच्या भाषेतलं, त्यांच्या शहराचं नाव, आणि ते प्रभूच्या वंशावळीत बसलंय. मत्तयाला ते गाळता आलं असतं. काही राजे त्यानं गाळलेही आहेत, चौदा-चौदा पिढ्यांचा हिशेब बसवायला. हे मात्र त्यानं ठेवलं.

तुमच्या सासऱ्यांचं मन त्या बंदिवासातून परतलेल्यांसारखं आहे असं समजा. आपली तीन नावांची पद्धत बघा : स्वतःचं, बापाचं, आडनाव. ही चालतीबोलती छोटी वंशावळच आहे, ‘शिमोन बार-योना’सारखी, म्हणजे योनाचा मुलगा शिमोन. पण तिची मजल एका पिढीची. सासऱ्यांच्या सहीत मध्ये याकोब आहे. तुमच्या नवऱ्याच्या सहीत नाही. तुमच्या मुलाच्या दाखल्यावर तर सासऱ्यांचंही नाव नसेल. ज्या याकोबांपासून ते पान सुरू झालं त्यांचं नाव घेणारं ते गेल्यावर कुणी उरणार नाही, हे त्यांना या वयात दिसत असणार.

आणि तुमचीही बाजू शास्त्रात आहे, ती सोडू नका. जुन्या करारात मुलाचं नाव ठेवते ती बहुतेक वेळा आई. लूकच्या पहिल्या अध्यायात तर तुमच्याच घरातला प्रसंग आहे. आठव्या दिवशी शेजारी-नातेवाईक जमलेत, बाळाचं नाव बापावरून जखऱ्या ठेवायला निघालेत. अलीशिबा म्हणते, नाही, योहान. लोक म्हणतात, अगं, तुमच्या नात्यागोत्यात या नावाचं कुणी नाही! मग मुका झालेला नवरा पाटी मागवून लिहितो, याचं नाव योहानच आहे. ‘तुम्ही दोघं काय ते ठरवा’ म्हणणाऱ्या तुमच्या यजमानांना हा उतारा वाचायला द्या. जखऱ्या मुका असूनही बोलला.

आता फ्लॅट.

तुमच्या दिरांचं नाव जेम्स आहे. ताई, जेम्स म्हणजेच याकोब. ग्रीकमध्ये ‘याकोबोस’, लॅटिनमध्ये आधी ‘याकोबुस’ आणि मग बोलीत ‘याकोमुस’, तिथून घासत घासत इंग्रजीत जेम्स. इंग्रजी शास्त्रात ज्याला जेम्सचं पत्र म्हणतात ते आपल्या शास्त्रात ‘याकोबाचे पत्र’ आहे. स्पेनचा सांतियागो म्हणजेही संत याकोबच. मुसलमान शेजाऱ्यांचा याकूब तोच. नावं अशीच भाषेभाषेतून वेष बदलत जातात. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, लोकांत शमुवेलचा सामाजी झाला. मुंबईतलं त्यांचं पहिलं सभास्थान १७९६ साली बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर आपल्या माणसांत सामाजी हसाजी होते.

म्हणजे तुमच्या घरात याकोब आहेच. थोरला मुलगा झाला तेव्हा सासऱ्यांनी आपल्या वडिलांचं नाव इंग्रजी वेषात त्याला दिलं असण्याची शक्यता बरीच मोठी आहे. त्यांच्या पिढीत असं पुष्कळांनी केलं. किंवा ते नाव शाळेतल्या कुणा साहेबावरून आलं असेल, आणि याकोबांशी त्याचा संबंधच नसेल. हे तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही. पण पहिली शक्यता खरी असेल, तर जेम्सभाऊंच्या जागी बसून बघा. आजोबांचं नाव आपल्याला मिळालेलं. फ्लॅट धाकट्याला गेला. आता नावही धाकट्याच्या घरी चाललं. ‘दोनदा दगा दिला यानं मला.’ एसावाचं वाक्य तुमच्या दिवाणखान्यात बोललं जाईल, आणि बाळाचं नाव मग नोहा ठेवलंत तरी फ्लॅटचा सल जाणार नाही.

मला वाटतं, ‘बळकावणारा’ हा शब्द मोबाइलवर वाचल्यावर तुमच्या पोटात खड्डा पडला तो इथे. नातेवाईक म्हणतील, नाव शोभतंय हो, ही भीती. फ्लॅट सासऱ्यांनी कोणत्या हिशेबानं दिला, थोरल्याला आधी काही दिलं होतं का, हे पत्रात नाही, त्यामुळे त्याच्या न्याय-अन्यायात मी शिरत नाही. पण नावाच्या वादात तो वाद लपवू नका.

करायचं काय? सासऱ्यांना अर्थाबद्दल काही विचारू नका, माणसाबद्दल विचारा. एका संध्याकाळी ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा, पप्पा, हे याकोबआजोबा कसे होते? काय काम करायचे? घरात त्यांना हाक काय मारायचे? माझी पैज आहे, गावात त्यांना कुणी याकोब म्हणत नसणार. याकोबा म्हणत असतील, खंडोबा-ज्ञानोबाच्या चालीवर. चिडके होते की मायाळू, कुणाचं देणं बुडवलं का, कुणाला पोटाशी धरलं का, हे ऐका आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. दुष्काळात घरातलं धान्य शेजाऱ्याला देणारा माणूस निघाला, तर याकोबचा अर्थ तुमच्या घरात तोच. आणि बायकोला मारणारा निघाला, तर ‘देव राखो’ हा अर्थ कितीही सुंदर असला तरी ते नाव ठेवायची बळजबरी तुमच्यावर नाही. तसं सांगायला कचरू नका.

त्यानंतर बाप्तिस्म्याच्या आमंत्रणाआधी जेम्सभाऊंना भेटा. तुम्ही आणि यजमान दोघं जा, सासऱ्यांना पुढे घालू नका. विचारा, पप्पांच्या मनात आजोबांचं नाव आहे, तुम्हाला चालेल का? संमतीचा शिक्का मिळवायचा म्हणून विचारू नका. ते नको म्हणाले तर नको. उत्पत्तीच्या ३३व्या अध्यायात वीस वर्षांनी भाऊ भेटतात, तेव्हा धावत येऊन गळ्यात पडतो तो एसाव. पण त्याआधी याकोब सात वेळा वाकत वाकत पुढे गेलेला असतो, हे आपण रविवारच्या शाळेत जरा घाईनं वाचतो.

दोन नावांचा मार्गही मोकळा आहे आणि तो पळपुटेपणा मानू नका. राहेलनं मरताना मुलाला बेनओनी म्हटलं, ‘माझ्या दुःखाचा पुत्र’, आणि बापानं बन्यामीन. शलमोनाचं दुसरं नाव यदीद्या होतं. याकोब स्वतः याब्बोक नदीच्या काठावर इस्राएल झाला, तरी पुढची पानं त्याला दोन्ही नावांनी हाक मारतात, आणि स्तोत्रांत देव ‘याकोबाचा देव’च राहतो. बाप्तिस्म्यात एक, घरात एक, असं आपल्या बऱ्याच कुटुंबांत चालतं.

फक्त कागदावर एकच ठेवा. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते आणि ती तुम्ही केली असेलच. नाव मात्र १२ महिन्यांपर्यंत शुल्क न भरता घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तेव्हा पुढच्या महिन्याचा बाप्तिस्मा ही घाई आहे, दाखला ही नाही. इंग्रजी स्पेलिंग काय करायचं ते आधी पक्कं करा आणि जन्मदाखला, आधार, बाप्तिस्म्याचं प्रमाणपत्र या तिन्हींवर अक्षर न् अक्षर तेच लावा. एकावर ‘वाय’ आणि एकावर ‘जे’ झालं की पासपोर्टच्या वेळी प्रतिज्ञापत्रं करत बसाल.

नावाचे अर्थ शोधणाऱ्या इतर वाचकांनाही एक सांगते, कारण अशी पत्रं दर महिन्याला येतात. बाळांच्या नावांच्या संकेतस्थळावर एका शब्दात अर्थ दिसला की तो कुठल्या वचनावरून आलाय ते बघा, आणि ते वचन कोण, कुणाला, कोणत्या मनःस्थितीत बोलतंय ते वाचा. शास्त्र घरात असतंच. दहा मिनिटं लागतात.

आणि तुमच्यासाठी एक काम, आज रात्रीच. बाळ झोपलं की ते जुनं शास्त्र काढा आणि त्या कोऱ्या पानावर दिरांचं नाव कसं लिहिलंय ते बघा. ‘जेम्स’ लिहिलंय, की ‘याकोब’, की दोन्ही? आणि शाई कुणाच्या हाताची आहे? मला कळवा.